हैदराबादला फळी निवडायला गेलो तेव्हा

हैदराबादहून आलं की आमच्या परभणीत लोक दोनच गोष्टी विचारतात, चारमिनार पाहिला का आणि बिर्याणी खाल्ली का. मी अठरा दिवस राहून आलो आणि दोन्ही केलं नाही. चारमिनारकडे जायला सवड झाली नाही आणि आमच्या वहिनींच्या घरात बिर्याणी शिजत नाही. मी गेलो होतो लाकूड निवडायला. हातभर लांबीची, वीतभर रुंदीची एक फळी, बस्स. ती निवडताना माझ्या हातून जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. ज्यांना हैदराबादची माहिती हवी असेल त्यांना वाटेत थोडीफार मिळेल.

मी पेट्या दुरुस्त करतो. पेट्या म्हणजे हार्मोनियम. सूर लावणं हे माझं पोट, आणि हल्ली विजेवर चालणाऱ्या परदेशी पेट्या बाजारात आल्यापासून ते पोटही खपाटीला गेलंय, पण ते असो. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. ऐन तारुण्यात हैदराबादला गेले ते तिथलेच झाले. कोठीच्या एका बोळात त्यांचं सतारी-तंबोरे दुरुस्त करायचं दुकान. वडील लवकर गेले, त्यामुळे माझे कान तयार केले ते भाऊंनी. सुट्टीत घरी आले की फळ्या ऐकायला लावायचे. फळी एका कोपऱ्याजवळ दोन बोटांत सैल लटकवायची आणि मधोमध बोटाच्या पेरानं ठोकायची. जिवंत लाकूड घुमतं, थोडं रेंगाळतं. मेलेलं लाकूड 'ठप्प' करून गप्प बसतं. ठोकून झालं की भाऊ माझ्याकडे बघून विचारायचे, "कसं?" उत्तर चुकलं की कानाखाली. शेवटी मी एक युक्ती काढली होती. भाऊ स्वतः काही बोलेपर्यंत चेहरा कोरा ठेवायचा, ते बोलले की "हो भाऊ" म्हणायचं.

त्यांचं पत्र आलं ते दोन ओळींचं. "अनंता, स्नेहासाठी युकुलेले करतो आहे. लाकूड निवडायला ये."

युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड. चार तारा, त्याही नायलॉनच्या, आणि आकार असा की काखेत मारून गावभर हिंडावं. स्नेहा म्हणजे भाऊंची नात, बारा वर्षांची. भाऊंचा मुलगा प्रकाश कॉम्प्युटरमध्ये आहे. त्या वर्षी भाऊंचं घर आहे त्या नारायणगुड्यात जिकडेतिकडे कॉम्प्युटर शिकवायच्या पाट्या लागल्या होत्या आणि शिकलेली पोरं बायकामुलांसकट अमेरिकेला चालली होती. प्रकाशचंही ठरलं होतं, तीन आठवड्यांनी जाणार. स्नेहाच्या शाळेतल्या गाण्याच्या मिसकडे हे वाद्य होतं, आणि पोरीनं हट्ट धरला होता की मला असंच हवं, आणि आजोबांनीच केलेलं हवं. पत्राच्या तळाशी वहिनींनी लिहिलं होतं, "भावजी, नक्की या. हे म्हणतात की हे शेवटचं वाद्य." मला वाटलं, भाऊंना नाटक करायची सवयच आहे.

काचीगुडा

रेल्वेचा प्रवास सांगत नाही. लहान रुळांची गाडी, खिडकीतून कोळशाची कुसळं, जाऊ द्या. काचीगुड्याला उतरलो तर समोरच, दहा पावलांवर भाऊ पाठमोरे उभे. मी हाक मारली, "भाऊ!" एक हमाल वळला. पुन्हा मारली, एक बाई वळल्या. तिसऱ्यांदा तर मी असा ओरडलो की चहावाल्यानं किटली खाली ठेवली. भाऊ ढिम्म. माझं डोकंच फिरलं. पत्र पाठवून बोलावून घ्यायचं आणि वर असा तोरा! जाऊन खांद्यावर हात ठेवला तर केवढ्यानं दचकले.

"अरे, केव्हा आलास? आवाज तरी द्यायचास!"

मला वाटलं टोमणा मारताहेत. गाल फुगवून रिक्षात बसलो आणि घर येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. ते मात्र वाटभर बोलत होते. इथे पूर्वी काय होतं, आता काय झालं, कुठली हवेली पडली, कुठे पाच मजले चढले.

नारायणगुडा

वहिनी हैदराबादच्याच. त्यांचे वडील-आजे निजामाच्या वेळेपासून सरकारी कचेरीत, त्यामुळे मराठी अगदी शुद्ध, पण मध्येच 'हौ' आणि 'नक्को' येऊन बसतात. "भावजी, परेशान नका होऊ, पयले हातपाय धुऊन घ्या," असं त्यांचं स्वागत. पानात काय होतं म्हणाल, तर खट्टी दाळ, चिंचेचा पिवळा भात, आणि गोंगुऱ्याची पचडी. मी पचडी चाखली आणि म्हणालो, "वहिनी, ही तर आपली अंबाडी." "हौ, अंबाडीच," त्या म्हणाल्या, "पण इथे तिला असा थाट." आमच्याकडे अंबाडी म्हणजे ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली गरिबाची भाजी, वर लसणाची फोडणी. इथे तीच लाल मिरच्या घालून वाटायची, तेलात परतायची आणि भातावर तुपासोबत घ्यायची. मी तीनदा घेतली आणि रात्रभर पाणी पीत बसलो.

घरात टीव्ही केवढ्यानं लावलेला! केबल नवीन आली होती, दिवसभर परदेशी नाच चालू. मी स्नेहाला म्हटलं, "जरा हळू कर गं." ती म्हणाली, "आजोबांना एवढाच लागतो, छोटे आजोबा." मी ते ऐकून सोडून दिलं. आज आठवलं की वाटतं, कानांवर पोट भरणारा मी, माझ्या कानात काय बोळे होते?

पोर मोठी गोड. मराठी वाचायला सांगितलं की एकेक अक्षर जुळवत बसते, बोलते मात्र धबधब्यासारखी, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, इंग्रजीची फोडणी. "छोटे आजोबा, मिस बोलल्या की वरची लाकडी चांगली पाहिजे, नाही तो साउंडच येत नाही. तुम्ही चांगली बघाल ना? मी तिथे नवीन स्कूलमध्ये पहिल्याच दिवशी नेणार. सगळ्यांना सांगणार, माय ग्रँडफादर मेड इट." भाऊ समोर बसून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. नातीचं कौतुक आहे, असं मला वाटलं.

मिसचं वाद्य त्यांनी एका रविवारपुरतं मागून आणलं होतं आणि खाकी कागदावर त्याचा नकाशा उतरवून ठेवला होता, मापं इतकी बारीक की बघत राहावं. मागची बाजू आणि कडा शिसवीच्या, त्यांच्या साठ्यात होत्या. मान सागाची. राहिली होती ती फक्त वरची फळी, आणि सगळा आवाज तिच्यावर. बाकी शरीर कितीही देखणं करा, वरची फळी मेलेली असली तर वाद्य मेलं.

चादरघाट

दुसऱ्या दिवशी चादरघाटचा पूल ओलांडून गफूरभाईंच्या वखारीत गेलो. त्या वखारीत मी अर्धा तास नुसता हिंडलो आणि जीव उदास झाला. शहरातल्या जुन्या हवेल्या पाडून तिथे अपार्टमेंटं उठत होती, आणि त्या हवेल्यांचं हाड न् हाड इथे येऊन पडलं होतं. कोरीव चौकटी, खिडक्यांच्या जाळ्या, एका दारावर पोरांच्या उंचीच्या खुणा तशाच, एकाखाली एक. भाऊंना हेच लाकूड हवं होतं. नवं लाकूड उन्हापावसात हलतं, वाकतं. पन्नास वर्षं घरात राहिलेलं लाकूड शहाणं झालेलं असतं.

गफूरभाई पानानं रंगलेल्या तोंडाचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. भाऊंना बघून उठून उभे राहिले. "आओ उस्ताद, आओ! चाय लाव रे!" चहा पीत बसलेले तीन-चार सुतारही उठले. पन्नास वर्षांत भाऊंनी तिथे काय कमावलंय ते मला तेव्हा दिसलं आणि छाती फुगली. लाकूड कधी आलं म्हणून विचारलं तर गफूरभाई म्हणाले, "परसों आया." मागाहून कळलं की इथे परसों म्हणजे काल सोडून मागचा कुठलाही दिवस, चार वर्षांपूर्वीचासुद्धा.

त्यांनी तीन फळ्या काढल्या. तिन्ही तुणीच्या. तुणी म्हणजे सतारीची तबली, तारांखालची फळी, ज्याची करतात ते तांबूस, हलकं लाकूड. भाऊंनी पहिली उचलली, दोन बोटांत लटकवली, ठोकली, आणि माझ्याकडे बघितलं. ठीक होती, कामचलाऊ. मी चेहरा कोरा. दुसरी उचलली. दिसायला काळपट, एका कोपऱ्यात गाठ, पण भाऊंनी ठोकली आणि, काय सांगू, पितळी घागरीवर टिचकी मारल्यासारखी घुमली. आवाज बोट उचलल्यावरही रेंगाळत राहिला. माझ्या अंगावर काटा आला. भाऊ माझ्याकडे बघत होते. मी चेहरा कोरा ठेवला. साठीला टेकलेला माणूस मी, पण भाऊ फळी ठोकून माझ्याकडे बघतात म्हटल्यावर मी आठ वर्षांचा झालो, कान आपोआप गरम झाले. आधी ते बोलू देत, मग मी.

त्यांनी ती खाली ठेवली. तिसरी घेतली. दिसायला विचारू नका. नुकतेच विंचरलेले केस असावेत तशा सरळ बारीक रेषा, एक गाठ नाही, रंग मधासारखा. भाऊंनी ठोकली.

ठप्प.

छपराखाली गळतीत वर्षानुवर्षं भिजून गाभा मेलेला असावा, वरून कळत नव्हतं. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी कोरा. गफूरभाई म्हणाले, "माशाल्ला, क्या माल है उस्ताद. आपके सिवा किसीकू नै दिखाया." भाऊंनी फळी उजेडात धरली, रेषांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही कशी वाटते, अनंता?"

मला वाटलं, यांनी ठरवलंय. भोवती चार माणसं उभी, सगळी त्यांना उस्ताद म्हणणारी. त्यांच्यासमोर धाकट्या भावानं म्हणायचं की उस्ताद, ही मेलेली आहे, तुम्हाला कळत नाही? आमच्या घरात असं होत नाही हो. थोरल्याला परक्यांत खोटं पाडायचं नाही, घरी आल्यावर काय ते. मी मान हलवली. "झकास आहे, भाऊ."

त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. किती दिवसांचं ओझं उतरावं तसा. "मग हीच," ते म्हणाले.

रिक्षात मी स्वतःची समजूत घातली. पेटीच्या पितळी पत्त्या घासून घासून आपलाच कान बोथट झाला असेल, भाऊंनी ऐकलंय ना, मग झालं. घरी आल्यावर सांगायचं होतं, तेही राहिलं.

पुन्हा नारायणगुडा

दुपारी भाऊ दुकानात गेले. वहिनी अंबाडी निवडत होत्या, मी मदतीला बसलो. त्या एकदम म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आलात, माझा जीव भांड्यात पडला. यांना ऐकू येत नाही, माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. डावा कान तर पूर्ण गेला. उजव्यात जवळून जोरात बोललं तर थोडं. कोठीच्या डॉक्टरनी मशीन दिली, हे म्हणाले डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं, नक्को. कुणाला सांगूही देत नाहीत. वाद्यवाला बहिरा झाला म्हटलं की कोण येईल?"

"मग दुकान कसं चालवतात?"

"तोंडं बघून." वहिनींनी हातातला देठ मोडला. "गिऱ्हाईक तार छेडतं, हे त्याच्या तोंडाकडे बघतात. तोंड खुललं की जमलं. नाही खुललं की पुन्हा खोलतात. पण लाकूड कुणाच्या तोंडावर निवडणार? म्हणून म्हणाले, अनंताला बोलावतो, त्याचे कान म्हणजे माझेच कान. तुम्हाला सांगायची मात्र शरम वाटली. तुम्हाला मारून मारून शिकवलंय ना त्यांनी."

तीनही वेळा ते माझी परीक्षा घेत नव्हते. ते माझ्या चेहऱ्यावर फळी ऐकत होते. आणि मी चेहरा कोरा ठेवून बसलो होतो, मान हलवली ती नेमकी मेलेल्या फळीसाठी.

तुम्ही म्हणाल, मग उठून तसंच दुकानात जायचं आणि सांगून टाकायचं. मीही तेच म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी दुकानाऐवजी मी एकटाच वखारीत गेलो. दुसरी फळी अजून तिथेच होती. मी लटकवली, ठोकली. घुमली. गफूरभाई म्हणाले, "मियाँ, मैं भी कल सोच्या, उस्ताद ये कैकू छोड़ रै करके. फिर आपने भी मुंडी हिलाए, मैं चुप बैठ्या." त्या माणसानंही आदरापोटीच तोंड बंद ठेवलं होतं. "उद्या येऊन नेतो," मी म्हणालो. फळी आणायची तर भाऊंना सांगावं लागणार होतं, म्हणून आधी सांगावं असं ठरवलं. पुलावरून कोठीपर्यंत वाक्य जुळवत चालत आलो. चुकून वेगळ्याच बोळात शिरलो, पुस्तकांच्या ढिगांमधून वाट काढत तीन चकरा मारल्या, ओठ हलतच होते. एका पुस्तकवाल्यानं मला वेडा समजून पाणी दिलं.

दुकानात पोचलो तर भाऊंनी फळी उभी चिरून दोन पानं केली होती आणि रंधा मारत होते. रंध्यातून लांब गोल सालपटं निघायला हवीत. निघत होता भुगा. भाऊ थांबले. भुगा चिमटीत घेऊन चोळला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"जुनं आहे, ठिसूळ असणारच," ते म्हणाले. "नाही का?"

याहून सोपं कुणी करून दिलं नसतं. मी म्हणालो, "हो, जुनं आहे."

भित्रा, दुसरं काय!

कोठी, दहा दिवस

त्या दहा दिवसांत मी भाऊंना जितकं सुखात पाहिलं तितकं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि तेच माझ्या तोंडाला कुलूप लावत होतं. शेजारचं शिंप्याचं दुकान जाऊन तिथे फोनचं बूथ झालं होतं, पलीकडे कॅसेटवाला, बोळात गाण्यांचा नुसता कालवा. भाऊंना त्याचं काही नाही. शिसवीच्या पातळ पट्ट्या ओल्या करून तापल्या नळीवर वाकवायच्या, इतक्या हळू की चहाचा पेला गार व्हायचा. नळीला हात लावून ते सांगायचे, आता. आणि पट्टी वाकायची. सरस शिजवायचं काम माझ्याकडे, वासानं डोकं उठायचं. एकदा मी तो करपवला तर म्हणाले, "परभणीत पेट्या खळीनं चिकटवतोस काय रे?" आणि खो खो हसले. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागलो होतो, त्यांनीही काही विचारलं नाही. आमच्यात पहिल्यांदाच असं काहीतरी होतं ज्याला दोघं सांभाळत होतो.

दुपारी कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहा. तिथे ते माझ्याशी लहानपणाबद्दल बोलले. "तुला फार मारलं मी," म्हणाले. "पण तुझा कान माझ्याहून चांगला होता. मला राग यायचा." मी बशीत बघत बसलो. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. पानं जोडली होती, पण वाद्य बंद केलेलं नव्हतं, दुसरी फळी बसवायला वेळ होता. मी देवाला हात जोडले की पातळ झाल्यावर तरी हिच्यात जीव येऊ दे. माझ्यासारखा चाळीस वर्षं सूर लावलेला माणूस मेलेल्या लाकडासाठी देव पाण्यात घालून बसला होता.

तारा चढवल्या तो दिवस

जाण्याच्या दोन दिवस आधी, सकाळी, सगळे बाहेरच्या खोलीत जमले. बॅगा भरून भिंतीला लावलेल्या. वाद्य दिसायला इतकं देखणं की प्रकाशसुद्धा फोन ठेवून आला. भाऊंनी ते स्नेहाच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर.

स्नेहानं तारा लावल्या आणि हात फिरवला. पुठ्ठ्याच्या खोक्यावर रबर ताणून छेडावं तसा आवाज आला. पुन्हा फिरवला. तोच. तिच्या भुवया जवळ आल्या, एवढंच, एक क्षण. लगेच ती हसली. "आजोबा, सुपर आहे! एकदम सुपर!" आणि मिसनं शिकवलेलं गाणं म्हणायला लागली, मोठ्यानं, म्हणजे वाद्याचा आवाज झाकला जाईल.

पण दोन वर्षं तोंडं वाचणाऱ्या माणसाला पहिला चेहरा पुरला. भाऊ माझ्याकडे वळले.

"अनंता, कसं वाजतंय?"

स्नेहा मान हलवत होती, नाही म्हणत होती, आजोबांच्या पाठीमागून. वहिनी बघत होत्या. मी काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्यानं सांग."

"मुकं आहे, भाऊ!" मी ओरडलो. सगळ्या घराला ऐकू गेलं. टाळायचं होतं तेच, माणसांत, आणि किती उशिरा.

"वखारीत?"

"तिथेही मुकंच होतं."

"मग मान का हलवलीस?"

"चार माणसांत तुम्हाला खोटं कसं पाडायचं, भाऊ?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं हात उठेल. उठला असता तर बरं झालं असतं. "रंधा मारताना माझा हात मला सांगत होता," ते हळूच म्हणाले. "मी म्हटलं, अनंतानं ऐकलंय. हाताला काय कळतं."

स्नेहा उठून त्यांच्या गळ्यात पडली. मला हेच पाहिजे, मी हेच नेणार, म्हणून रडायला लागली. भाऊंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "ने," म्हणाले. "शिकायला चालेल. वाजवता यायला लागलं की तिथे चांगलं घे. हे माझं म्हणून कुणाला दाखवू नको." दोन दिवसांनी ती काखेत वाद्य घेऊनच विमानतळाच्या टॅक्सीत बसली. आम्ही दोघं भाऊ फाटकाशी उभे होतो, मध्ये हातभर अंतर ठेवून.

शेवटचा दिवस

माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी भाऊ नेहमीसारखे दुकानात निघाले, मीही मागोमाग गेलो. काही बोलायचं होतं, काय ते माहीत नव्हतं. विद्यानगरच्या एक गाणाऱ्या बाई तंबोरा न्यायला आल्या. भाऊंनी आठवड्यापूर्वी त्याची जवारी काढून ठेवली होती. जवारी म्हणजे ज्या घोडीवरून तारा जातात ती घासून घासून झंकार आणायचा, फार नाजूक काम. बाईंनी बसल्या बसल्या तारा छेडल्या. पंचम, जोड, खर्ज. असा घुमला तो तंबोरा की फोनच्या बूथमधला माणूस बोलता बोलता थांबला. बाईंचे डोळे मिटले. "वा," त्या म्हणाल्या, "काय झालंय हो!" चेहरा नुसता उजळून निघाला होता.

भाऊ त्या चेहऱ्याकडे बघत होते. बराच वेळ. मग त्यांनी तंबोरा बाईंच्या हातून घेतला, गवसणी चढवली आणि परत दिला. "पैसे नकोत," म्हणाले. "दुसरीकडे दाखवून घ्या. माझं काही खरं नाही."

बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी भाऊंच्या उजव्या कानाशी गेलो, दोन्ही हातांचं नळकांडं केलं आणि ओरडलो, "भाऊ, सुरात आहे! अगदी सुरात आहे!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पटाशी उचलून फडक्यानं पुसायला लागले.

"तू तर म्हणशीलच," ते म्हणाले.

सुरात होता हो तो तंबोरा. शप्पत सांगतो, खर्जापासून पंचमापर्यंत अगदी सुरात होता.